चिंच, आवळा आणि आंब: सेंद्रिय आम्लांचा आकडा दर वेळी हलतो तेव्हा काय तपासावं

एकाच पोत्यातली चिंच. सोमवारी टार्टारिक आम्ल १२ टक्के निघालं, गुरुवारी साडेदहा. आवळा चूर्णातलं क जीवनसत्त्व पुरवठादाराच्या सर्टिफिकेटच्या निम्मंही भरत नाही. हरभऱ्याच्या आंबेत (झाडावरून गोळा केलेल्या आंबट दवात) मॅलिक आम्लाच्या मागे कुठून तरी एक उंच पीक, म्हणजे आलेखावरचा सुळका (इंग्रजी peak), उभं राहिलं. लातूर असो की नांदेड, वनौषधींचा कच्चा माल तपासणाऱ्या लहान प्रयोगशाळांमध्ये या तक्रारी आलटून पालटून येतात. पहिला फोन एचपीएलसीच्या, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, सर्व्हिस इंजिनिअरला जातो. तो पंपाचं सील बदलतो, बिल लावतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

यंत्र बिघडतं, पण आपण समजतो तितक्या वेळा नाही. सेंद्रिय आम्लाच्या रेणूने आपला प्रोटॉन धरून ठेवलाय की सोडलाय, यावर तीन गोष्टी ठरतात: कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या भरीव नळीतून) तो कधी बाहेर पडणार, झाडाच्या गरातून अर्कात किती उतरणार, आणि टायट्रेशनला (अल्कली घालून आम्ल मोजण्याला) किती दिसणार. तिन्ही ठिकाणी मुद्दा पीएचचाच. त्यामुळे आकडा हलला की स्पॅनर हातात घेण्याआधी पीएच मीटरकडे जावं.

खाली जे लिहिलंय ते या सर्वसाधारण पद्धतीला धरून आहे: सी-१८ कॉलम, २५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन, मोबाइल फेज (कॉलममधून वाहतं द्रावण) म्हणून २० मिलिमोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट (लिटरला २.७२ ग्रॅम), फॉस्फोरिक आम्लाने पीएच २.५ वर आणलेलं. प्रवाह मिनिटाला ०.८ मिली, डिटेक्टर २१० नॅनोमीटरवर, ॲस्कॉर्बिकसाठी २४५ वर. आम्लं साधारण या क्रमाने येतात: ऑक्झॅलिक, टार्टारिक, मॅलिक, लॅक्टिक, ॲसिटिक, सायट्रिक, सक्सिनिक, फ्यूमेरिक. ॲस्कॉर्बिक मॅलिकच्या पुढेमागे येतं आणि कॉलमच्या कंपनीप्रमाणे जागा बदलतं. शेवटच्या दोघांचा क्रमही काही कॉलमवर उलटतो. आपल्या कॉलमवरचा क्रम एकेक स्टँडर्ड (ठाऊक असलेल्या शुद्ध आम्लाचं द्रावण) वेगळं टोचूनच, म्हणजे यंत्रात सोडूनच, ठरवावा. दुसऱ्याच्या क्रोमॅटोग्रामवरून (पिकांच्या आलेखावरून) ओळख पटवू नये.

सगळी पिकं पुढे सरकली

आधी बघायचं ते हे, की सगळी सरकली की त्यातली मोजकीच. बहुतेक लोक ही चौकशी करतच नाहीत आणि थेट नवा कॉलम मागवतात.

ॲसिटिक आणि ॲस्कॉर्बिक जागच्या जागी आहेत, पण टार्टारिक, मॅलिक आणि सायट्रिक पुढे आलेत, तर मोबाइल फेजचा पीएच चढलेला आहे. टार्टारिकचा पहिला पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) २.९८. पीएच २.५ ला त्याचा साधारण २५ टक्के भाग आयन रूपात असतो, २.८ ला तोच ४० टक्के होतो. आयन सी-१८ वर थांबत नाही, म्हणून पीक पुढे पळतं. ॲसिटिकचा पीकेए ४.७६. त्याचा आयन भाग २.५ ला अर्धा टक्का आणि २.८ ला एक टक्का, म्हणजे त्याला या बदलाची खबरही लागत नाही. ऑक्झॅलिकचा पहिला पीकेए १.२५ असल्यामुळे ते दोन्ही पीएचला जवळपास पूर्ण आयन आहे आणि आधीपासूनच अगदी पुढे असतं. तेव्हा ॲसिटिकचं पीक हा फुकटचा साक्षीदार आहे, स्टँडर्डच्या मिश्रणात ते कायम ठेवावं.

पीएच चढतो कसा? नेहमीचं कारण म्हणजे मीटर ४ आणि ७ च्या बफरवर कॅलिब्रेट केलेला असतो आणि मोजतो २.५. ते त्या दोन बिंदूंच्या बाहेर पडतं. इलेक्ट्रोड जुना असेल तर ०.२ चा फरक सहज पडतो. या कामासाठी १.६८ (पोटॅशियम टेट्राऑक्झॅलेट) आणि ४.०१ (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) हे दोन बफर वापरावेत. दुसरं कारण, आदल्या दिवशीच्या उरलेल्या मोबाइल फेजमध्ये नवा ओतणं. पाण्यातला फॉस्फेट बफर दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नये. त्यात जंतू वाढतात, फिल्टर बुजतो, प्रेशर चढतं. बाटली रिकामी करून धुवावी, मग भरावी.

ॲसिटिकसकट सगळीच पिकं एकदम पुढे आली आणि टार्टारिक जवळजवळ डेड टाइमला (कॉलमवर न थांबणाऱ्या पदार्थाच्या वेळेला), म्हणजे या कॉलमवर ३ ते ३.३ मिनिटांच्या आसपास आदळलं, तर गोष्ट वेगळी आहे. काल रात्री लाईट गेली होती का, ते विचारा. सी-१८ ची पृष्ठभागाची थर पाण्याला नाकारते. शंभर टक्के पाण्याचा मोबाइल फेज तिच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये केवळ पंपाच्या दाबामुळे टिकून असतो. वीज गेली, पंप थांबला, दाब उतरला, की पाणी छिद्रांतून बाहेर ढकललं जातं. वीज आल्यावर पंप पुन्हा सुरू केला तरी ते परत आत शिरत नाही. आम्लांना थांबायला जागाच उरत नाही. प्रेशर नेहमीसारखंच दिसतं, बेसलाइन (पिकांखालची रेषा) सरळ असते, म्हणून कॉलम मेला असं वाटतं. मेलेला नसतो.

उपाय: आधी १५ मिनिटं नुसतं पाणी सोडून फॉस्फेट काढून टाका. हे न करता मिथेनॉल सोडलं तर क्षार आतच बसतो आणि मग खरंच नवा कॉलम लागतो. त्यानंतर मिथेनॉल ६० आणि पाणी ४० अर्धा तास, पुन्हा १० मिनिटं पाणी, मग मोबाइल फेज तासभर. बहुतेक वेळा पिकं जागेवर येतात. कायमचा इलाज मात्र कॉलम निवडतानाच होतो: पूर्ण पाण्यातल्या मोबाइल फेजसाठी बनवलेलाच सी-१८ घ्यावा. जुन्या साध्या कॉलमवरच भागवायचं असेल तर मोबाइल फेजमध्ये २ ते ३ टक्के मिथेनॉलने थोडा आधार मिळतो, पण टार्टारिक-मॅलिक थोडे जवळ येतात. यूपीएसवर फक्त संगणक ठेवून पंप सोडून देणारे पुष्कळ आहेत. वाचवायचा असतो तो पंप.

पिकं दिवसभरात हळूहळू सरकतात आणि रात्री मागे येतात, तर तापमान. परभणी-नांदेडला मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतं आणि खोलीचा एसी दुपारी दमतो. इथे एक बारकी गोम आहे. साध्या कॉलम ओव्हनला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. ओव्हन ३० वर लावलाय आणि खोलीच ३४ आहे, तर ओव्हन शोभेचा. उन्हाळ्यात कॉलम सरळ ४० वर चालवावा आणि पद्धतीचं प्रमाणीकरणही ४० वरच करावं, म्हणजे बाराही महिने तोच रिटेन्शन टाइम (पीक बाहेर पडण्याची वेळ) मिळतो.

अगदी पुढे एक न सांगता आलेलं पीक

ऑक्झॅलिकच्या जागी किंवा त्याला खेटून पीक येतं, कधी मोठं, कधी छोटं. भाजीवर्गी वनस्पतींमध्ये, म्हणजे तांदुळजा, माठ, घोळ यांच्या नमुन्यात, हे नायट्रेट असण्याची शक्यता दाट असते. नायट्रेट २१० नॅनोमीटरला जोरात शोषण करतं आणि सी-१८ वर थांबत नाही. घोळीत ऑक्झॅलेट मुळातच भरपूर असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही, आणि नायट्रेटसकटचा आकडा ऑक्झॅलिक म्हणून छापला जातो.

दुसरा स्रोत पाणी. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि शेतीच्या पट्ट्यातल्या बोअरला ती ओलांडलेली सापडणं नवलाचं नाही. आरओची झिल्ली क्षारता बऱ्यापैकी अडवते, नायट्रेट तितकंसं अडवत नाही. झिल्ली जुनी झाली की आणखी कमी. मीटरवर टीडीएस समाधानकारक दिसतो आणि क्रोमॅटोग्रामवर पीक उभं असतं.

ओळख पटवायला महागडं काही लागत नाही. अर्काचा एक भाग सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५ च्या जवळ आणा, त्यात कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण घाला, अर्धा तास ठेवून गाळा, पुन्हा आम्ल करून टोचा. पीक गायब झालं तर ते ऑक्झॅलेट होतं, राहिलं तर नाही. सोबत नुसत्या पाण्याचा ब्लँक आणि लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेटचं द्रावण टोचलं की प्रश्न मिटतो. डायोड अरे डिटेक्टर (एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर मोजणारा) असेल तर स्पेक्ट्रम बघावा, पण २१० च्या खालच्या भागात सगळेच एकमेकांसारखे दिसतात, त्यावर फार विसंबू नये.

ऑक्झॅलिकबद्दल आणखी एक. आघाडा, अळू, घोळ यांतलं बरंचसं ऑक्झॅलेट कॅल्शियमचा क्षार म्हणून स्फटिकात असतं आणि पाण्यात उतरतच नाही. पाण्याच्या अर्कातून मिळतं ते विद्राव्य ऑक्झॅलेट. २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ८० अंशाला १५ मिनिटं ठेवलेल्या अर्कातून मिळतं ते एकूण. दोन्ही आकडे खरे, पण रिपोर्टवर कोणता ते लिहिलेलं नसेल तर दोन प्रयोगशाळांचं भांडण ठरलेलं. आम्लातला अर्क टोचण्याआधी मोबाइल फेजने किमान दहापट पातळ करावा, नाहीतर पुढची पिकं वेडीवाकडी होतात. याच अर्कातून ॲस्कॉर्बिक मोजायला जाऊ नये.

चिंचेचा आकडा

मराठवाड्यात चिंचेला व्यापार आहे आणि नावही. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे टार्टारिकचा आकडा आता भावाशी बांधला जाणार. तो काढताना पाच ठिकाणी घसरायला होतं.

नमुना. ढेपीच्या वरचा थर वाळलेला, आतला ओला. एका कोपऱ्यातून ५ ग्रॅम कापून घेतलं तर तो ढेपीचा नमुना नव्हे. आठ-दहा ठिकाणांहून मिळून अर्धा किलो घ्यावं, चिंचोके, टरफल आणि शिरा काढाव्यात, गर कात्रीने बारीक करून कालवावा आणि त्यातून वजन घ्यावं. मिक्सरमध्ये गर चिकटून गरम होतो, म्हणून आधी फ्रीजरमध्ये कडक करावा.

मीठ. साठवणीच्या चिंचेला मीठ लावतात. ते वजनात येतं, आम्लात नाही. वेगळ्या भागात सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड काढून मीठ वजा केल्याशिवाय दोन पोती तुलनेला घेऊ नयेत.

ओलावा. पावसाळ्यात चिंच पाणी ओढते. जुलैचा आकडा मार्चपेक्षा कमी आला तर त्यात घट आम्लाची नसून वाढ पाण्याची असू शकते. ओलावा १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये काढू नये. त्या तापमानाला चिंचेतली साखर करपू लागते आणि तिचं वजन ओलाव्यात मोजलं जातं. निर्वात ओव्हनमध्ये ७० अंश बरं.

अर्क. गरातलं टार्टारिक मोकळं आणि पोटॅशियमशी बांधलेलं, अशा दोन्ही रूपांत असतं. पोटॅशियम बायटार्ट्रेट २० अंशाच्या पाण्यात १०० मिलीला फक्त ०.५७ ग्रॅम विरघळतं, उकळत्यात सुमारे ६ ग्रॅम. म्हणून १० ग्रॅम गर ५० मिलीत घोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी तळाशी वाळूसारखे कण दिसतात आणि वरचा निवळ टोचला जातो. सोमवार आणि गुरुवारच्या आकड्यांतला दीड टक्का बहुधा तिथेच, बरणीच्या तळाशी असतो. बोअरचं पाणी वापरलं तर कॅल्शियम टार्ट्रेटही बसतं, जे आणखी कमी विरघळतं.

असं करावं: २ ग्रॅम गर अचूक वजन करून १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या. टाइप-१ (अतिशुद्ध) किंवा दोनदा ऊर्ध्वपातित पाणी फॉस्फोरिक आम्लाने पीएच २ वर आणून त्यातलं ६० मिली घाला. ७० अंशाच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास, अधूनमधून हलवत ठेवा. खोलीच्या तापमानाला आल्यावर त्याच द्रावणाने १०० मिली करा, सेंट्रिफ्यूज करा, लगेच मोबाइल फेजने दहापट पातळ करा. गरात १२ टक्के टार्टारिक असेल तर टोचलेल्या द्रावणात मिलीला २४० मायक्रोग्रॅम येतं. स्टँडर्डची रेषा ५० ते ५०० मायक्रोग्रॅम ठेवली की ते मधोमध पडतं. पातळ केलेल्या द्रावणात स्फटिक बसायचा प्रश्न येत नाही. उरलेल्या चोथ्याचा त्याच पद्धतीने दुसरा अर्क काढून बघा. चोथ्यात अडकलेल्या पहिल्या अर्काचा हिस्सा वजा केल्यावर त्यात पहिल्याच्या २ टक्क्यांहून जास्त टार्टारिक आलं तर वेळ वाढवायला हवी. केवळ स्पाइक रिकव्हरी चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नये. बाहेरून घातलेलं टार्टारिक मोकळं असतं, ते परत मिळणारच. गरात बांधलेलं उतरलं की नाही हे त्यातून कळत नाही.

पाचवं ठिकाण टायट्रेशन. एचपीएलसीचं टार्टारिक आणि टायट्रेशनची आम्लता जुळत नाही म्हणून दोन्ही पुन्हा पुन्हा करत बसणारे भेटतात. ती जुळायचं कारणच नाही. एचपीएलसी सगळं टार्ट्रेट मोजतं, कारण मोबाइल फेजमध्ये गेल्यावर क्षार आणि आम्ल यांत फरक उरत नाही. टायट्रेशन फक्त उरलेले प्रोटॉन मोजतं. समजा एकूण १२ टक्के टार्टारिकमधलं ४ टक्के बायटार्ट्रेट रूपात आहे. त्याच्याकडे दोनऐवजी एकच प्रोटॉन शिल्लक, म्हणून टायट्रेशनला ८ अधिक २ असे १० टक्के दिसतात. मॅलिक वगैरे असेल ते वरून मिळतं. म्हणजे दोन आकड्यांतला फरक ही चूक नसून चिंचेतल्या पोटॅशियमची माहिती आहे.

तो फरक मात्र खरा असायला हवा. त्यासाठी सममूल्य भार (एका प्रोटॉनमागे येणारं आम्लाचं वजन) नीट लावा: टार्टारिक ७५.०४, मॅलिक ६७.०५, निर्जल सायट्रिक ६४.०४. तेवढाच कॉस्टिक सोडा खपला तरी "टार्टारिक म्हणून" लिहिलेला आकडा "सायट्रिक म्हणून" लिहिलेल्यापेक्षा १७ टक्के मोठा दिसतो. पुरवठादारांची सर्टिफिकेटं बहुधा सायट्रिकमध्ये असतात. चिंचेच्या तपकिरी अर्कात फिनॉल्फ्थेलिनचा गुलाबी रंग दिसत नाही, तेव्हा पीएच मीटरवर ८.१ ला थांबावं. कॉस्टिक सोड्याचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड खातं, ते दर आठवड्याला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर ताडून घ्यावं.

चिंचेत सायट्रिकचं मोठं पीक दिसलं तर बाहेरून लिंबूफूल घातल्याचा संशय घ्यायला जागा आहे. फक्त संशय, आधी ते पीक खरंच सायट्रिकचं आहे का, ते स्टँडर्ड मिसळून पाहा.

आवळ्याचं क जीवनसत्त्व

इथे भांडण आकड्याचं कमी, पद्धतीचं जास्त. डायक्लोरोफेनॉल-इंडोफेनॉल या रंगाच्या टायट्रेशनने आलेला आकडा आवळ्यात नेहमी फुगलेला असतो, कारण तो रंग फक्त ॲस्कॉर्बिकच नाही तर क्षपण करणारं काहीही उडवतं, आणि आवळ्यात टॅनिनं रग्गड. म्हणून एचपीएलसीवर निम्मं आलं तर बिथरून जाऊ नये.

पण एचपीएलसीही फसतं. आवळ्यातले म्यूसिक आम्लाचे गॅलेट ॲस्कॉर्बिकच्या जवळपास बाहेर पडतात आणि २१० वर सगळं एकच पीक दिसतं. ओळख स्पेक्ट्रमने होते: पीएच २.५ ला ॲस्कॉर्बिकचं शिखर २४४ च्या आसपास, गॅलेटचं २७० च्या आसपास. पिकाच्या चढावर, टोकावर आणि उतारावर घेतलेले तिन्ही स्पेक्ट्रम एकसारखे असायला हवेत. शंका राहिलीच तर अर्काचा एक भाग पीएच ६ ला आणून ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज घाला. १५ मिनिटांनी जे पीक नाहीसं होतं तेवढंच ॲस्कॉर्बिक.

उलटी तक्रार, म्हणजे सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी, ही ऑक्सिडेशनची. लोखंडी सुरी, पितळी खलबत्ता, नळाचं पाणी यांतला लोखंड-तांब्याचा अंश पुरेसा असतो. अर्क ३ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लात, बर्फात ठेवून, तपकिरी काचेत काढावा आणि ऑटोसॅम्पलर ४ अंशावर ठेवावा. मेटाफॉस्फोरिकचं द्रावण स्वतः हळूहळू ऑर्थोफॉस्फोरिक होतं. फ्रीजमध्ये आठवड्याच्या वर ठेवलेलं फेकावं. स्टँडर्ड रोज ताजं, त्याच द्रावणात.

वाळवलेल्या आवळकाठीत ॲस्कॉर्बिकचा काही भाग डीहायड्रो (ऑक्सिडेशन झालेल्या) रूपात जातो आणि तो २४५ ला दिसत नाही. एकूण हवं असेल तर टीसीईपी हे क्षपणक घालून परत क्षपण करून मोजावं. डीटीटी हे दुसरं क्षपणकही चालतं, पण त्याला पीएच ७ च्या जवळ न्यावं लागतं आणि तिथे ॲस्कॉर्बिकचं नुकसान वेगळं. अर्क आम्लातच ठेवून काम होतं म्हणून टीसीईपी सोयीचं.

आवळा, हिरडा, बेहडा सलग टोचल्यावर सातव्या-आठव्या नमुन्यापासून बेसलाइनवर रुंद टेकाडं येऊ लागतात. ती त्या नमुन्याची नसतात, आधीच्या नमुन्यांतली टॅनिनं पूर्ण पाण्यात सरकू शकत नाहीत म्हणून साठून हळूहळू बाहेर पडतात. प्रत्येक धावेच्या शेवटी ५० टक्के मिथेनॉलपर्यंत ८ मिनिटांचा ग्रेडियंट द्यावा आणि १५ मिनिटं परत बसू द्यावं. त्याहून बरं, अर्क आधीच ५०० मिलिग्रॅमच्या सी-१८ कार्ट्रिजमधून काढावा: ५ मिली मिथेनॉल, ५ मिली पीएच २.५ चं पाणी, मग अर्क, पहिला १ मिली सोडून पुढचा जमा. टार्टारिक, मॅलिक, सायट्रिक पार होतात, टॅनिनं अडकतात. सिरिंज फिल्टर नायलॉनचा नको, तो पॉलिफिनॉल धरतो; पीव्हीडीएफ घ्यावा.

हरभऱ्याची आंब

थंडीत संध्याकाळी हरभऱ्यावर धुतलेलं पातळ कापड पसरायचं आणि पहाटे दव पडलेलं कापड पिळायचं, ही जुनी रीत आजही चालते. आंबेत मुख्यतः मॅलिक, त्याच्या जोडीला ऑक्झॅलिक. घाटेअळीसाठी फवारणी झालेलं शेत यासाठी घेऊच नये, ते कुठल्याही क्रोमॅटोग्रामने सुधारत नाही.

मॅलिकच्या मागचं ते उंच पीक बहुतेक वेळा फ्यूमेरिक असतं. आधी स्वतःचं मॅलिक स्टँडर्ड एकटं टोचून बघा. कृत्रिम मॅलिक मॅलेइक ॲनहायड्राइडपासून बनतं आणि त्यात थोडं फ्यूमेरिक राहतं; २१० ला फ्यूमेरिकचं शोषण मॅलिकच्या कित्येक पटींनी जास्त, त्यामुळे एक टक्क्याहून कमी असूनही पीक डोळ्यात भरतं. स्टँडर्डमध्येच ते दिसलं तर नमुना निर्दोष असू शकतो. शुद्ध स्टँडर्डमध्ये नाही आणि आंबेत मोठं आहे, तर बाजारातलं मॅलिक घातल्याचा संशय. झाडातलं मॅलिक एल प्रकारचं, कारखान्यातलं डीएल. सी-१८ ला दोन्ही सारखेच. एल-मॅलिकच्या एन्झाइम किटने काढलेला आकडा एचपीएलसीपेक्षा लक्षणीय कमी आला की उत्तर मिळतं.

आंबेचा आकडा शेतागणिक बदलण्यामागे आपली काळी माती आहे. तिच्यात चुनखडी असते. कापड जमिनीला टेकलं किंवा धूळ उडाली की चुनखडी आम्लाचा काही भाग मारते आणि ऑक्झॅलिकला कॅल्शियम ऑक्झॅलेट म्हणून खाली बसवते. आंब गढूळ असेल तर गाळून तळाचा गाळ आम्लात विरघळवून तपासावा. भांडं काचेचं, तांब्या-पितळेचं नाही. साठवणीत लॅक्टिक आणि ॲसिटिकची पिकं वाढू लागली तर आंब नासायला लागलीय. जिवाणू मॅलिकचं लॅक्टिक करतात. तो माल परत करावा, सरासरी काढून खपवू नये.

दोन पिकं, एकच आम्ल

लाल अंबाडीच्या मांसल निदलांत हिबिस्कस आम्ल असतं, म्हणजे हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाच्या एका रूपाचं लॅक्टोन. द्रावणात बंद कडं आणि उघडी साखळी यांत देवाणघेवाण चालते, म्हणून दोन पिकं येतात आणि त्यांचं प्रमाण अर्क किती वेळ ठेवला यावर बदलतं. दोन्हींची बेरीज द्यावी आणि अर्क ते टोचणी हा वेळ सर्व नमुन्यांना सारखा ठेवावा.

आयन एक्स्क्लूजन कॉलम वापरत असाल तर

सल्फोनेटेड पॉलिस्टायरीन कॉलम, ३०० × ७.८ मिमी, ५ मिलिमोलर सल्फ्युरिक आम्ल, मिनिटाला ०.६ मिली, ५० ते ६५ अंश. पाण्याची भीती नाही, लाईट गेली तरी हरकत नाही. पण चिंचेसारख्या पोटॅशियमयुक्त अर्काने त्यातले हायड्रोजन आयन हळूहळू बदलले जातात, पिकं रुंदावतात. २५ मिलिमोलर सल्फ्युरिक मिनिटाला ०.२ मिली वेगाने ६५ अंशाला रात्रभर सोडलं की तो परत ताजा होतो. सी-१८ सारखं यात मिथेनॉल सोडू नये. राळ फुगते आणि कॉलम जातो.

सगळेच आकडे एकाच प्रमाणात चुकत असतील

मग नमुना, कॉलम सगळं सोडून स्टँडर्डच्या बाटलीवरचं लेबल वाचा. सायट्रिक मोनोहायड्रेट (२१०.१४) वजन करून निर्जल (१९२.१२) म्हणून मोजलं तर प्रत्येक नमुना खऱ्यापेक्षा ९.४ टक्के जास्त येतो. ऑक्झॅलिक डायहायड्रेटच्या बाबतीत हीच चूक ४० टक्क्यांची. स्टँडर्डच्या रेषेचा आर वर्ग (रेषा किती सरळ, त्याचं माप) ०.९९९९ असतो, पुनरावृत्ती सुंदर असते, आणि आकडा खोटा असतो.

हे पकडायचा एकच स्वस्त मार्ग म्हणजे घरचा नियंत्रण नमुना. चांगली चिंच एक किलो साफ करून, कालवून, १० ग्रॅमच्या पाकिटांत उणे २० अंशाला ठेवा आणि नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर एक पाकीट चालवा. स्टँडर्डच्या पाच टोचण्यांत फरक २ टक्क्यांच्या आत, नियंत्रण नमुना आपल्या नेहमीच्या पट्ट्यात, ॲसिटिक जागेवर. हे तिन्ही जमलं तरच त्या दिवसाचे आकडे बाहेर द्यावेत. नियंत्रण नमुनाही हलला तर दोष प्रयोगशाळेत. तो जागेवर आणि नमुनाच हलला तर पोत्यात. नवीन बाटलीचं स्टँडर्ड उघडलं की जुन्यासमोर एकदा टोचून बघावं.

रिपोर्टवर आकड्यासमोर चार गोष्टी लिहाव्यात: ओल्या वजनावर की कोरड्या, मीठ वजा केलं की नाही, विद्राव्य की एकूण, आणि टायट्रेशन असेल तर कोणत्या आम्लात व कोणत्या पीएचला थांबून.